उल्पान

उल्पान : हिब्रू भाषेच्या सघन शिक्षणाची इस्राएलमधील पद्धती व तिचे वर्ग. हा शब्द ॲरेमाइक भाषेतून आला असून त्याचा अर्थ ‘शिकवण’ असा आहे. १९४८ मध्ये इस्राएल स्थापन झाल्यावर नाना देशांतून आलेल्या ज्यूंना एका भाषेने जोडणे निकडीचे झाले; त्यासाठी १९४९ मध्ये जेरूसलेममध्ये ‘उल्पान एत्झिऑन’ सुरू झाले. हिब्रू हिब्रूतूनच शिकविणे व पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्याला बोलते करणे, हे या पद्धतीचे मर्म. हिब्रू वर्णमालेतील अक्षरांनुसार ‘आलेफ’ ते ‘वाव’ अशा सहा पातळ्या असतात. जेरूसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील उन्हाळी उल्पानात परदेशी विद्यार्थीही शिकतात. भारतातून आलेल्या, मराठी मातृभाषेच्या बेने इस्राएल या ज्यू समाजातील स्थलांतरितांनाही हिब्रू नव्याने आत्मसात करावी लागली. पुढे वेल्श भाषेच्या शिक्षणासाठीही ही पद्धती स्वीकारली गेली.