धणे, राख आणि टी केक

1824 साली वॉशिंग्टनमध्ये छापलेल्या एका पाकपुस्तकात बिस्किटांच्या पिठात मोठा चमचाभर कुटलेले धणे घालायला सांगितले आहे. पुस्तक ‘द व्हर्जिनिया हाउसवाइफ’, लेखिका मेरी रँडॉल्फ. दोन पौंड मैदा, एक पौंड साखर, पाऊण पौंड वितळवलेले लोणी, सहा अंडी आणि थोडी ब्रँडी. चांगले मळायचे, पातळ लाटायचे, आकार कापायचे आणि रंग चढू न देता भाजायचे. पदार्थाचे नाव आहे श्रूजबेरी केक. पुण्यात कॅम्पातल्या बेकरीसमोर श्रूजबेरीसाठी रांग लावलेल्यांना हे नाव ऐकून मौज वाटेल. इंग्लंडमधल्या एका गावाचे नाव दोन उलट्या दिशांनी प्रवास करत गेले, एवढाच त्याचा अर्थ.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत याच कुळातला जो पदार्थ घरोघर रुजला, तो टी केक. त्यात चहा नसतो आणि तो केकही नव्हे. इंग्लंडमध्ये ‘टीकेक’ म्हटले की यीस्टने फुगवलेला मनुकांचा पाव समोर येतो. दक्षिणेतला टी केक म्हणजे तळहाताएवढे, जाडसर, फिकट बिस्किट. नानकटाईसारखा त्याचा भुगा होत नाही, कडेला किंचित खुसखुशीत आणि मध्ये मऊ राहते. चव साधी: लोणी, साखर, जायफळ किंवा व्हॅनिला.

रँडॉल्फबाईंच्या पुस्तकात ‘मळायचे’ असे लिहिले आहे. कोणी, ते लिहिलेले नाही. लिहायची गरजही नव्हती. अशा घरांत परातीपुढे उभी असायची ती गुलाम स्वयंपाकीण. मालकाचे लोणी, साखर, मैदा तिच्या हातून जायचे, पण तिच्या वाट्याला काय यायचे? मेरीलँडमध्ये गुलामीत वाढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी 1845 च्या आत्मकथनात तो शिधा नोंदवला आहे: माणशी महिन्याला आठ पौंड डुकराचे मांस किंवा तेवढीच मासळी, आणि एक बुशेल मक्याचे पीठ. गव्हाचा मैदा त्यात नाही, साखरही नाही. म्हणून गुलामांच्या झोपडीत गोडधोड करायचे ते हाती लागेल त्यातून, लोण्याऐवजी डुकराची चरबी आणि साखरेऐवजी काकवी घालून.

त्या बायकांनी आपल्या कृती लिहून का ठेवल्या नाहीत, असे विचारणे क्रूरपणाचे आहे. साउथ कॅरोलायनात 1740 पासूनच गुलामाला लिहायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. कृती राहिली ती हातात: मूठभर हे, चिमूटभर ते, ‘पीठ ओढून घेईल तितका’ मैदा. आपल्याकडच्या आज्याही अशाच अंदाजाने करंज्यांचे पीठ भिजवत. फरक इतकाच, की त्यांना लिहिण्याबद्दल शिक्षा होणार नव्हती.

साउथ कॅरोलायनातच गुलामीत जन्मलेल्या ॲबी फिशर पुढे सॅन फ्रान्सिस्कोत नावाजलेल्या स्वयंपाकीण झाल्या. 1881 साली त्यांचे पाकपुस्तक निघाले, तेव्हाही त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी सांगितले, दुसऱ्यांनी उतरवून घेतले. त्याच्या पंधरा वर्षे आधी, 1866 मध्ये, टेनेसीच्या मलिंडा रसेल यांचे छोटेखानी पुस्तक मिशिगनमध्ये छापले गेले. त्या जन्माने स्वतंत्र होत्या आणि बेकरीचा धंदा चालवत. यादवी युद्धात लुटल्या गेल्यावर त्यांना गाव सोडावे लागले. कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रीचे हे आज माहीत असलेले सर्वांत जुने पाकपुस्तक.

दरम्यान बिस्किट फुगवायची रीत बदलत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी स्वयंपाकघरांत लाकडाच्या राखेपासून काढलेला ‘पर्लॅश’ नावाचा क्षार आला. आपल्या पापडखाराचाच हा भाऊबंद. अमेरिकेचे पहिलेवहिले पेटंट 1790 साली याच क्षाराच्या उत्पादनाला मिळाले, हे गमतीचे असले तरी खरे आहे. मात्र चरबीशी त्याची गाठ पडली की साबणासारखी चव यायची. 1846 पासून खायच्या सोड्याच्या पुड्या बाजारात येऊ लागल्या आणि ही पीडा टळली. ताकाचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो, पीठ हलके होते. दक्षिणेत ताकाला तोटा नव्हता. तिथला गहूही मऊ, कमी चिकट. टी केक मऊ राहतो त्याचे निम्मे श्रेय या गव्हाला द्यायला हवे.

विसाव्या शतकात, साधारण 1910 ते 1970 या काळात, सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, लॉस एंजेलिसकडे गेली. वाटेतल्या कित्येक उपाहारगृहांत त्यांना मज्जाव असे, त्यामुळे बुटांच्या खोक्यात टी केकसारखे घरचे खाणे बांधून न्यायचा रिवाज होता. पदार्थाचे नावही लाडके झाले. झोरा नील हर्स्टन यांनी 1937 च्या कादंबरीत नायिकेच्या प्रियकराला टोपणनाव दिले तेच: टी केक. आज 19 जूनच्या जूनटीन्थला, गुलामीतून सुटकेच्या सणाला, कित्येक घरांत तो भाजला जातो.

घरी करून पाहायचा तर अर्धा कप लोणी आणि एक कप साखर फेसावी, त्यात एक अंडे आणि मोठा चमचाभर ताक घालावे. अडीच कप मैदा, अर्धा चमचा सोडा, चिमूटभर मीठ आणि जायफळ मिसळून पिठाचा गोळा तासभर थंड करावा. आपला मैदा जरा चिवट पडतो, तेव्हा त्यातले दोन मोठे चमचे काढून तेवढे कॉर्नफ्लोअर घालावे आणि मळू मात्र नये, नुसते गोळा करावे. पाव इंच जाड लाटून वाटीच्या काठाने गोल कापावेत आणि 175 अंशांवर दहा-बारा मिनिटे भाजावेत. कड जेमतेम सोनेरी दिसते आणि मध्य अजून कच्चा वाटतो, तेव्हाच ट्रे बाहेर काढा. उरलेला भाग गरम ट्रेवर आपोआप शिजतो.