जुन्या स्पोर्ट्स कारमधील वातानुकूलन आणि मॉन्ट्रियल करार : पोर्श ९११ च्या हौशी सुधारणेचा इतिहास

प्रास्ताविक

आंतरराष्ट्रीय करारांचा इतिहास बहुधा परिषदा, कलमे आणि सह्या करणारी राष्ट्रे यांच्या आधारे लिहिला जातो. ते कलम अखेर कोणाच्या हातावर येऊन पडले, हा प्रश्न त्यात मागे राहतो. ओझोन थराच्या रक्षणासाठी १६ सप्टेंबर १९८७ रोजी झालेला मॉन्ट्रियल करार या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. या कराराने फ्रिज आणि शीतगृहे यांचे भवितव्य जसे बदलले, तसेच अमेरिकेतील घरोघरच्या गॅरेजांत उभ्या असलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारचेही बदलले. प्रस्तुत निबंधात पोर्श ९११ या जर्मन मोटारीची वातानुकूलन यंत्रणा आणि ती स्वतःच्या हाताने सुधारणारे मालक यांचा विचार केला आहे. स्वस्त वायूने या यंत्रणेचे दोष दीर्घकाळ झाकून ठेवले. वायू दुर्मीळ होताच ते उघडे पडले आणि मालकाला आपल्या गाडीची नव्याने ओळख करून घ्यावी लागली, असे येथे प्रतिपादन केले आहे.

आर-१२ चा काळ

मोटारीतील वातानुकूलनाचा प्रारंभ अमेरिकेत झाला. पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये आपल्या १९४० सालच्या गाड्यांसाठी कारखान्यातच बसवलेली यंत्रणा उपलब्ध करून दिली. तिने सामानाच्या कप्प्यातील बरीच जागा अडवली होती. कॉम्प्रेसरला क्लच नसल्यामुळे ती बंद करायची तर इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे. अशा यंत्रणेस कोणी चैन म्हटले असेल, सोय म्हणणे कठीण आहे. तरीही त्यानंतरच्या तीन दशकांत अमेरिकी ग्राहकाने वातानुकूलन ही मोटारीची नित्याची गरज मानली.

हे शक्य झाले ते डायक्लोरोडायफ्लुरोमिथेन म्हणजेच आर-१२ या वायूमुळे. तत्पूर्वी प्रशीतनासाठी अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असे विषारी वायू वापरले जात. जनरल मोटर्सच्या सेवेतील थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ च्या सुमारास क्लोरोफ्लुरोकार्बनांचा पर्याय शोधला. हा वायू विषारीही नाही आणि ज्वलनशीलही नाही, हे दाखवण्यासाठी १९३० मध्ये मिजली यांनी रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो श्वासाबरोबर आत घेतला आणि उच्छ्वासाने मेणबत्ती विझवली. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याचा शोधही याच गृहस्थांचा, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल. आर-१२ बिनधोक तर होताच, शिवाय इतका स्वस्त होता की तो गळाला तर कोणी हळहळत नसे. अमेरिकेत त्याचे छोटे डबे मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांत सर्रास मिळत आणि उन्हाळा लागला की मालक स्वतःच एखादा डबा गाडीत रिकामा करत असे.

मागे इंजिन, पुढे थंड हवा

पोर्श ९११ प्रथम १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ९०१ या नावाने मांडली गेली; प्यूजो कंपनीच्या हरकतीमुळे तिचे नाव बदलले. सहा सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे इंजिन मागील चाकांच्याही मागे, ही तिची ओळख होती. १९९८ पर्यंत ही परंपरा टिकली. तिचा आराखडा झाला तो जर्मनीच्या थंड हवामानात. अमेरिका ही तिची मोठी बाजारपेठ झाली आणि टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना येथील ग्राहक थंड हवेची मागणी करू लागले, तेव्हा त्या आराखड्यात वातानुकूलन नंतर घुसवावे लागले.

या घुसवण्याच्या खुणा यंत्रणेच्या प्रत्येक भागावर दिसतात. कॉम्प्रेसर इंजिनाजवळ, म्हणजे गाडीच्या मागच्या टोकाला. प्रवाशांना गार हवा देणारा इव्हॅपोरेटर पुढच्या बाजूला. उष्णता बाहेर टाकणारा एक कंडेन्सर इंजिनाच्या झाकणाखाली, तर दुसरा पुढच्या बंपरच्या खाली. सुमारे ४.२९ मीटर लांबीच्या या गाडीत वायूला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत यावे लागे आणि तेही मुख्यतः रबरी नळ्यांतून. त्या काळच्या नळ्यांना आतून अस्तर नव्हते. जोड घट्ट असले तरी रबराच्या अंगातूनच वायू हळूहळू झिरपत असे. नळी जितकी लांब तितकी गळती अधिक, हे उघड आहे.

झाकणाखालचा कंडेन्सर हा तर या आराखड्यातील खरा पेच. इंजिनाचा पंखा जी हवा आत ओढतो तिच्यातील काही या कंडेन्सरमधून जाते. गाडी वेगात असताना हे चालून जाते. परंतु भर दुपारी सिग्नलला गाडी थांबली की पंखा मंदावतो, इंजिनाची उष्णता वर चढते आणि जो भाग थंड व्हायला हवा तोच तापत जातो. उलटपक्षी कंडेन्सरने तापवलेली हवा हवेनेच थंड होणाऱ्या इंजिनाकडे जाते. दोघांनी एकमेकांना त्रास द्यावा अशीच ही मांडणी आहे. तथापि वर्षा-दोन वर्षांनी एक डबा वायू भरला की मालकाचे समाधान होई. मूळ दोषाकडे पाहण्याची गरज कोणाला भासली नाही.

डबा संपल्यावर

मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी १९७४ मध्ये क्लोरोफ्लुरोकार्बनांमुळे ओझोनचा नाश होतो असा सिद्धान्त मांडला. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनच्या तीव्र घटीचे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि दोनच वर्षांत मॉन्ट्रियल करार झाला. अमेरिकेत १ जुलै १९९२ पासून दुरुस्तीच्या वेळी हा वायू जाणूनबुजून हवेत सोडणे बेकायदेशीर ठरले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून आर-१२ चे छोटे डबे केवळ प्रमाणित तंत्रज्ञालाच विकता येऊ लागले. १९९५ अखेर त्याचे उत्पादन थांबले. विकसनशील देशांना अधिक मुदत दिली होती. १९९२ मध्ये करारात सामील झालेल्या भारतात क्लोरोफ्लुरोकार्बनांचे सर्वसाधारण उत्पादन २००८ पर्यंत चालू होते. मुदतीतील या फरकामुळे चोरट्या व्यापाराला वाव मिळाला. त्या दशकाच्या मध्यास मायामी बंदरातून आणि मेक्सिकोच्या सीमेवरून आर-१२ अमेरिकेत चोरून आणला जात होता.

जुन्या ९११ च्या मालकापुढे आता तीन वाटा होत्या. महागडा आर-१२ भरत राहायचे, यंत्रणा बंद ठेवायची, अथवा ती आर-१३४ए या नव्या वायूसाठी बदलून घ्यायची. प्रोपेन-ब्यूटेनचे मिश्रण भरण्याचा चौथा मार्गही काहींनी चोखाळला. अमेरिकी पर्यावरण संस्थेने ज्वलनशीलतेमुळे मोटारींसाठी तो अमान्य केला होता. ज्या गाडीत नळ्या प्रवाशांच्या कक्षाला लागून धावतात, तिथे हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे.

आर-१३४ए कडे वळणे वरवर सोपे वाटले, तरी येथेच जुन्या आराखड्याने हिशेब मागितला. नव्या वायूचा रेणू लहान असल्यामुळे जुन्या नळ्यांतून तो अधिकच झिरपे. आर-१२ बरोबरचे खनिज तेल त्यात मिसळत नसल्याने कॉम्प्रेसरला वंगण पोचत नसे. त्यासाठी कृत्रिम तेल घालावे लागले. कडक उन्हात त्याचा दाब अधिक चढतो आणि तो उतरवण्यास आधीच अपुरा असलेला कंडेन्सर पुरत नाही. केवळ जोडणीची तोंडे बदलून नवा वायू भरणाऱ्यांच्या गाडीत म्हणूनच कोमट हवा आली. दोष वायूला दिला गेला. खरे पाहता तो कंडेन्सरचा आणि नळ्यांचा होता.

सुधारणेचे जे तंत्र पुढे रूढ झाले त्यात हे निदान स्पष्ट दिसते. उरलेला वायू योग्य यंत्राने काढून घेणे, आतून अस्तर असलेल्या नव्या नळ्या टाकणे, सर्व रबरी वलये आणि ओलावा शोषणारा ड्रायर बदलणे, ही झाली पूर्वतयारी. मुख्य बदल कंडेन्सरचा. एकाच लांब वळणदार नळीऐवजी अनेक बारीक समांतर मार्गांचा कंडेन्सर बसवला की त्याच आकारमानात अधिक उष्णता बाहेर पडते. अनेकांनी स्वतंत्र विजेचा पंखा असलेला अधिकचा कंडेन्सर चाकाच्या कमानीत बसवला. इंजिनाच्या उष्णतेपासून दूर अशी ही जागा शोधणे म्हणजे मूळ आराखड्यावर केलेली टीकाच होय. जुन्या जड कॉम्प्रेसरच्या जागी हलका कॉम्प्रेसरही आला.

त्यानंतर व्हॅक्यूम पंपाने यंत्रणेतील हवा व ओलावा काढून टाकायचा, निर्वात स्थिती टिकते की नाही ते पाहायचे आणि मगच वायू भरायचा. पूर्वी ड्रायरवरील काचेत बुडबुडे दिसेनासे झाले की भरणा पूर्ण मानत. आर-१३४ए ला ही खूण लागू पडत नाही. बुडबुडे जाईपर्यंत भरत राहिल्यास वायू जास्त होतो आणि दाब वाढून गारवा उलट कमी होतो. म्हणून हा वायू वजन करून, मूळ भरण्याच्या ८० ते ९० टक्क्यांपासून सुरुवात करून भरावा लागतो. नजरेच्या अंदाजाची जागा काट्याने घेतली. बदललेल्या गाडीवर वेगळ्या आकाराची तोंडे आणि नव्या वायूची नोंद असलेली चिठ्ठी लावणे अमेरिकी नियमांनी आवश्यक केले, जेणेकरून पुढच्या माणसाने चुकून दोन वायू मिसळू नयेत.

या मालकांना पर्यावरणाचे कैवारी ठरवण्याचे कारण नाही. बहुतेकांस हवा होता तो गारवा आणि टाळायचा होता तो खर्च. परंतु न गळणाऱ्या नळ्या बसवल्यामुळे कराराला जे अभिप्रेत होते तेच त्यांच्या हातून घडले. वर्षानुवर्षे डबे रिकामे करणारा मालक आणि वजनकाटा घेऊन बसलेला मालक बहुधा एकच व्यक्ती होती.

दुसरी फेरी

आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही, मात्र शंभर वर्षांच्या मापाने त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक आहे. युरोपीय संघाने २०१७ पासून सर्व नव्या मोटारींत तो वापरण्यास बंदी केली. १५ ऑक्टोबर २०१६ च्या किगाली दुरुस्तीने या वर्गातील वायूंच्या टप्प्याटप्प्याने कपातीचे वेळापत्रक आखले आणि अमेरिकेने २०२० मध्ये त्यासाठी कायदा केला. तेथे आर-१३४ए चा छोटा डबा सामान्य ग्राहकाला अद्याप विकत घेता येतो. मात्र २०१८ पासून तयार होणाऱ्या डब्यांना आपोआप बंद होणारी झडप असणे सक्तीचे आहे. जुन्या ९११ च्या झाकणाखाली आर-१३४ए ची चिठ्ठी लावणाऱ्या मालकाला तो डबा पुढे कोणत्या भावाने मिळेल, हे या वेळापत्रकावर अवलंबून राहील. ज्याने नळ्या आणि कंडेन्सर बदलले आहेत, त्याला तो क्वचितच लागेल.