उसन्या वेणीचा इतिहास

जिची वेणी तोकडी तिने गंगावन लावावे, यात आपल्याकडे कोणास वावगे वाटत नसे. विंचरताना निघालेले गुंतवळ जपून ठेवावयाचे आणि पुरेसे साठले म्हणजे त्याचेच गंगावन करून घ्यावयाचे, अशीही रीत होती. नवरीच्या पाठीवर रुळणारी वेणी कितपत तिची व कितपत गंगावनाची, हा प्रश्न चारचौघांत कोणी विचारीत नसे. विचारला तर तो सासरच्या बायकांनी, आणि तोही माजघरात. लांब केसांची हौस मुळातच निंद्य मानणाऱ्या नीतिपंडितांशी आमचे जुळत नाही. दुखण्यातून उठलेल्या बाईस त्या हौसेच्या आधाराने चार माणसांत मोकळेपणाने वावरता येते, हे थोडे नव्हे. तथापि या हौसेचा इतिहास पाहू लागले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. उसन्या केसांत काही अपाय आहे, अशी शंका लोकांस फार पूर्वीपासून होती. मात्र तो अपाय नेमका कोठे आहे हे दाखविताना त्यांचे बोट बहुधा भलतीकडेच गेले.

हौस तर फारच जुनी. ईजिप्तमधील अमार्ना येथील दफनभूमीत सुमारे ३३०० वर्षांपूर्वी पुरलेल्या एका स्त्रीच्या मस्तकावर सुमारे ७० जोडवेण्या आढळल्याचे संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. रोमच्या ओव्हिड कवीने आपल्या प्रेयसीचे केस कलपाने झडल्यावर तिला टोमणा मारला आहे, की आता जिंकलेल्या जर्मन बायकांचे केस तुझ्या डोक्यावर शोभतील. पुढे अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटला वेगळीच चिंता पडली: धर्मगुरूने मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद दिला तर तो कोणास पोहोचावा? केस तर दुसऱ्याच बाईचे! कवीला थट्टा सुचली व धर्मोपदेशकाला पाप दिसले. त्या जर्मन बायकांची विचारपूस दोघांपैकी एकानेही केली नाही.

या व्यापाराचे खरे स्वरूप एकोणिसाव्या शतकात उघडे पडते. १८६० नंतरच्या दशकात युरोपात डोक्यामागे भला मोठा अंबाडा बांधण्याची टूम निघाली. त्यास शिन्याँ म्हणत. एवढा अंबाडा स्वतःच्या केसांचा होणे बहुतेकींस अशक्यच. तेव्हा केसांस मागणी आली. पॅरिसमधील कचरा वेचणारे गुंतवळ गोळा करून विकीत. पण त्या मालास किंमत कमी. केसाच्या पृष्ठभागी मुळाकडून टोकाकडे वळलेले सूक्ष्म खवले असतात. गुंतवळात मुळे व टोके उलटसुलट मिसळतात, खवले एकमेकांत अडकतात आणि केसांचा लवकरच गुंता होतो. डोक्यावरून सबंध कापलेली वेणी मात्र नीट राहते. म्हणून व्यापाऱ्यांस कचऱ्यापेक्षा जिवंत माथीच हवी असत, आणि ती मिळत गरिबांच्या गावी.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात ही खरेदी जत्रांतून चाले. टॉमस ॲडॉल्फस ट्रॉलोप या इंग्रज प्रवाशाने १८४० साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात तिचे चित्र आहे. भर जत्रेत कात्री घेऊन उभे असलेले व्यापारी आणि मेंढरांची लोकर कातरावी तशा एकीमागून एक कातरल्या जाणाऱ्या शेतकऱ्यांच्या पोरी त्याने पाहिल्या. तेथील बायका सारे केस झाकणारी घट्ट टोपी घालीत, त्यामुळे केस गेले तरी लोकांच्या दृष्टीस पडत नसे. टोपीने लाज झाकली, हे खरे. पण म्हणून त्या पोरींना आपल्या केसांचे काहीच वाटत नसावे, असे मानावयास आम्ही तयार नाही. टॉमस हार्डीच्या ‘द वुडलँडर्स’ (१८८७) या कादंबरीतील मार्टी साउथ एका धनवंत बाईच्या शृंगारासाठी आपले केस कापून देते. ती वाचकांस आठवत असेल.

आता भीतीची कथा. १८६७ च्या सुमारास लिंडेमान नामक एका रशियन संशोधकाने जाहीर केले, की शिन्याँच्या केसांवर ग्रेगॅरीन नावाचे परोपजीवी जंतू असतात, व नृत्यगृहाच्या उष्णतेने ते अंगात शिरतात. वर्तमानपत्रांनी हे उचलले व हसणाऱ्यांची आणि भिणाऱ्यांची एकच गर्दी उडाली. केसांवरील काही गाठी बुरशीच्या असतात हे बायगेल नामक वैद्याने त्याच सुमारास दाखविले होते. जीवघेणा जंतू मात्र निघाला नाही. भीतीच्या मुळाशी आम्हांस शास्त्राहून अधिक विटाळच दिसतो: गरीब बाईचे केस चालतात, तिची गरिबी तेवढी अंगास लागू नये!

खरा अपाय निराळाच, आणि तो केसांच्या मुळाशी. १९०७ साली ट्रेबिच याने ग्रीनलंडमधील स्त्रियांचे कपाळालगतचे केस विरळ झाल्याची नोंद केली. केस सदैव ताणून बांधण्याची तेथील चाल हेच त्याचे कारण. ओढ फार दिवस राहिली म्हणजे केसाचे मूळ हळूहळू निकामी होते. आज डिंकाने, कड्यांनी किंवा शिवून बसविलेल्या ‘हेअर एक्स्टेन्शन’चे भय हेच आहे. रात्री उशाशी काढून ठेवलेले गंगावन मुळांस निदान तेवढा वेळ विसावा देई. चिकटविलेली बट आठवडेच्या आठवडे ओढीत राहते. प्रथम डोके दुखते, पुटकुळ्या येतात, कानशिलाजवळचे केस विरळ होतात. तेवढ्यात ओढ थांबविली तर केस परत येतात. न थांबविल्यास तेथे व्रण होऊन ते कायमचे जातात. आणि विरळ झालेली जागा झाकण्यासाठी पुन्हा उसनीच बट लावावी लागते.

हे केस आज कोठून येतात, हा प्रश्न वापरणाऱ्यांनी २००४ साली एकदा मोठ्याने विचारला, पण तोही वेगळ्याच कारणासाठी. तिरुपतीस भाविकांनी नवसाने अर्पण केलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करते. असे केस मूर्तिपूजेशी संबद्ध ठरवून जेरुसलेमच्या रब्बी एल्याशिव यांनी ते निषिद्ध केले, आणि विवाहानंतर टोपाने मस्तक झाकणाऱ्या सनातनी ज्यू स्त्रियांचे टोप न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे रस्त्यावर जाळण्यात आले. केस देणारीने ते देवास दिले होते. तिच्या गावी त्या होळीची वार्ता गेली असेल असे वाटत नाही. पुढे जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या जकात खात्याने न्यूयॉर्क-न्यूअर्क बंदरात चीनच्या शिंजियांग प्रांतातून आलेला सुमारे १३ टन केशमाल अडकवून ठेवला. या वेळी तरी संशय माणसांविषयीचा होता: तो माल वेठीच्या श्रमाने तयार झाला असावा.