सावरीचा कापूस आणि बर्फावरचा गोली

१४ फेब्रुवारी १८९६ रोजी माँट्रियलमध्ये आइस हॉकीच्या स्टॅन्ली कपसाठी सामना झाला. पाहुणे विनिपेग व्हिक्टोरियाज, यजमान माँट्रियल व्हिक्टोरियाज. राणीचं नाव दोघांनीही लावलेलं. विनिपेगचा गोली जॉर्ज मेरिट बर्फावर उतरला तो पायांना चक्क क्रिकेटचे पॅड बांधून. विनिपेगनं सामना २-० असा जिंकला. मेरिटला एकही गोल बसला नाही.

खानदेशातल्या माणसाचा बर्फाशी संबंध गोळेवाल्याच्या गाडीपुरता. पण पॅड आपल्या ओळखीचे. म्हणून आइस हॉकीतलं एक जुनं भांडण मला एकदम घरचं वाटायला लागलं. भांडण असं, की आजचे गोली अंगावर एवढं सामान चढवतात की सहा फूट बाय चार फुटांच्या गोलात चकती घालायला जागाच उरत नाही, आणि हा सरळसरळ अन्याय आहे. आता या सामानाचं मूळ जर क्रिकेटच्या किटबॅगेत असेल, तर भांडणाचं मूळही तिथेच शोधायला हवं.

आणि ते सापडतं. सप्टेंबर १७७१ मध्ये चर्टसी आणि हॅम्बल्डन यांच्या सामन्यात व्हाइट नावाचा गडी यष्ट्यांएवढी रुंद बॅट घेऊन खेळायला आला. दोनच दिवसांत हॅम्बल्डनच्या तिघांनी सह्या करून ठरवलं, की बॅट सव्वाचार इंचांपेक्षा रुंद नको. तो आकडा आजही तसाच आहे. हा व्हाइट रायगेटचा की ब्रेंटफर्डचा ‘शॉक’ व्हाइट, यावर बरीच शाई सांडली आहे. आता बहुतेकांचा कल रायगेटकडे आहे, माझाही. खरा प्रश्न आहे तो हेतूचा. काहींच्या मते त्यानं लबाडी केली, काहींच्या मते नियमातलं भोक सगळ्यांना दिसावं म्हणून मुद्दाम सोंग आणलं. मी दुसऱ्या बाजूचा. एवढी अवजड फळी घेऊन धावा निघत नाहीत, हे मुरलेल्या बॅट्समनला कळत नसेल?

पुढचा टप्पा एलबीचा. १७७४ च्या नियमांत यष्टीकडे जाणारा चेंडू मुद्दाम पायानं अडवणारा बाद ठरला. म्हणजे पॅड यायच्या आधीच पायाची लबाडी आली होती! बिली बेल्डम या जुन्या बॅट्समननं म्हातारपणी हे खापर जोई रिंग आणि टॉम टेलर यांच्यावर फोडलं, आणि पुस्तकांतून तेच चालत आलं. पण रिंगचं नाव मोठ्या सामन्यांत दिसायला लागतं तेच १७८० च्या दशकात. नियम आधी आणि गुन्हेगार नंतर, हे कसं जमायचं? बेल्डमला नावं आठवली, वर्षं सरमिसळ झाली, असंच म्हणावं लागतं.

मग रॉबर्ट रॉबिन्सन. १८०० च्या आसपास त्यानं पायांना लाकडी फळ्या बांधल्या. चेंडू लागला की खाडकन आवाज यायचा आणि लोक फिदीफिदी हसायचे. बिचाऱ्यानं फळ्या सोडून दिल्या. १८३६ मध्ये लेस्टरला आल्फ्रेड मिननं सुजलेल्या पायानं नाबाद १२५ धावा केल्या, त्याला घोडागाडीच्या टपावर आडवं घालून लंडनला न्यावं लागलं, आणि पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली. त्यानंतर पॅडवर हसणारे कमी झाले.

क्रिकेटनं पॅडला पायाचं रक्षण करू दिलं, पण यष्टीचं रक्षण करायला गेलास तर बाद, अशी तंबी एलबीनं आधीच देऊन ठेवली होती. पळवाटा निघाल्याच. १९५७ मध्ये एजबॅस्टनला इंग्लंडच्या मे आणि काउड्री यांनी वेस्ट इंडीजच्या फिरकीपटू रामाधीनला तासन् तास पॅडनं खेळून ४११ धावांची भागी रचली. मग फटका न खेळता पाय पुढे करणाऱ्यासाठी एलबी आणखी कडक झाला. विकेटकीपरच्या ग्लव्ह्जमध्येही अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जाळी किती असावी, हे नियमानं आखून दिलंय.

हाच पॅड बर्फावर गेला आणि त्याचा मालकच बदलला. गोलीचं कामच अंगानं अडवणं. तिथे एलबी कुठून आणणार? राहिली फक्त इंचपट्टी.

मेरिटच्या पॅडमुळे सामना फिरला, असं सांगणारे आहेत. मला ते पटत नाही. त्याच १८९६ च्या डिसेंबरात हेच दोन संघ विनिपेगला पुन्हा भिडले आणि माँट्रियलनं ६-५ नं कप परत नेला. मेरिटच्या पायांना पॅड असूनही सहा गोल बसलेच! क्रिकेटचा पॅड नडगी वाचवतो, गोल नाही. तो वळणदार, बारीक. चकती त्यावरून घसरून आत जायची.

ही घसरण हेरली हॅमिल्टन गावच्या एमिल केनेस्कीनं. धंद्यानं तो घोड्याचं सामान शिवणारा. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं पॅडच्या कडा रुंद करून ते बारा इंच सपाट केले. १९२४-२५ च्या हंगामात हॅमिल्टन टायगर्सचा गोली जेक फोर्ब्स हे पॅड बांधून खेळला, आणि तळाला रुतलेला संघ थेट पहिला आला. १९२५ मध्ये नॅशनल हॉकी लीगनं बारा इंचांची मर्यादा घातली, १९२७ मध्ये ती दहावर आणली. अन्याय मिटला म्हणावं, तर १९२८-२९ मध्ये गोली जॉर्ज हेन्सवर्थनं ४४ पैकी २२ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही! खरी गोम अशी, की तेव्हा गोलासमोरच्या टापूत पुढे पास द्यायलाच बंदी होती. पुढच्या हंगामात ती उठली आणि गोलांची संख्या दुपटीच्या वर गेली. पॅड तेच दहा इंचांचे.

केनेस्कीच्या पॅडात काय भरलं होतं? वरून चामडं, आत हरणाचे केस आणि कपोक. कपोक म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस. त्याचा बाजार जावा बेटावरचा, पण त्याची जवळची बहीण, काटेसावर, आपल्या सातपुड्यात चोपडा-यावलच्या अंगाला फाल्गुनात लालभडक फुललेली असते, आणि उन्हाळ्यात बोंडं फुटली की तिचा कापूस रस्ताभर उडतो.

गोली सांगत, की हे पॅड सामना संपेपर्यंत भिजून पायाला धोंडा बांधल्यासारखे होत. पण कपोक तर पाणी धरत नाही. त्याचा तंतू पोकळ, वरून मेणचट, म्हणून तो बोटीवरच्या जॅकेटांत भरत. मग भिजायचं काय? काहींच्या मते नुसतं चामडं. मी आमच्या पिंजाऱ्याकडून सावरीचा मूठभर कापूस आणला. त्यानं विचारलं, “हाई काय करस भाऊ, उशी का?” परातीतल्या पाण्यात तो दाबून धरला तरी सुटल्याबरोबर वर यायचा, बोटं ओली, कापूस कोरडा. मग तोच खलबत्त्यात चांगला कुटला. चमक गेली, लगदा झाला. पाण्यात टाकला तर कडेनं काळवंडत भिजत गेला आणि अर्धा खाली बसला. चकती म्हणजे जवळजवळ १७० ग्रॅमचं कडक रबर. हंगामभर तिचे तडाखे खाल्लेल्या पॅडात त्या पोकळ नळ्या शाबूत राहिल्या असतील, हे मला पटत नाही. भिजायचं ते चामडं आणि कुटलेली सावर, दोन्ही.

म्हणून माझं म्हणणं असं, की अन्याय रुंदीत नव्हता, तो वजनात दडला होता. सावर होती तोवर रुंद पॅडचा फायदा गोलीला पुरता उचलताच आला नाही. १९८० च्या दशकात फोम आणि कृत्रिम कातडं आलं, पॅड हलका झाला, भिजेनासा झाला. आता गुडघे टेकून दोन्ही पाय बाजूंना फाकायचे आणि गोलाचा तळ बंद करायचा, हे सामनाभर करता यायला लागलं. गोली पॅट्रिक रॉयनं त्याच शैलीवर नाव कमावलं. १९८१-८२ मध्ये दोन्ही संघांचे मिळून सामन्याला आठ गोल होत, २००३-०४ मध्ये जेमतेम पाच. मधे १९८९ मध्ये मर्यादा पुन्हा बारा इंच झाली होती, हे विरोधक सांगतातच. पण २००५ मध्ये ती अकरावर आली, तरी त्यानंतरच्या दहा वर्षांत गोलींचं अडवण्याचं प्रमाण वाढतच गेलं, शंभरात ९१ च्या वर. इंच कमी झाला, गोली चढतच राहिला. तालीम सुधारली, गोली उंच झाले, हेही खरं. पण ओल्या चामड्यात ती तालीम कितीशी कामी आली असती?

छातीच्या सामानाचं प्रकरण मात्र वेगळं. तिथे खांद्यांवर चढवलेले थर उघड गोल बुजवण्यासाठीच होते, आणि २०१८ मध्ये लीगनं ते अंगासरशी करायला लावले ते बरं केलं.

आपल्या मैदानी हॉकीकडे पाहिलं तर रुंदी म्हणजे सगळं नाही, हे आणखी पटतं. नागपुरात जन्मलेला रिचर्ड ॲलन १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये एकही गोल न खाता परतला. १९३२ आणि १९३६ धरूनही त्याला बसलेले गोल दोनच. धुळ्याहून आग्रा रोडनं सेंधव्याचा घाट चढून गेलं की महू. तिथला शंकर लक्ष्मण, मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान, १९६४ च्या टोकियोत पाकिस्तानसमोर भिंत होऊन उभा राहिला आणि भारत १-० नं जिंकला. डोक्यावर हेल्मेट नाही, तोंडावर जाळी नाही. फोमचे पॅड हॉकीतही पुढे आलेच. आज तिथे पायाच्या पॅडची मर्यादा ३०० मिलिमीटर आहे, म्हणजे केनेस्कीच्या बारा इंचांना जेमतेम पाच मिलिमीटर कमी.

माझ्या हाती असतं तर मी इंचपट्टीसोबत तराजूही ठेवला असता आणि पॅडचं किमान वजन ठरवून दिलं असतं. गोली अर्थातच कावतील. दिवसभर गुडघ्यांवर आपटून त्यांच्या कमरेच्या खुब्यांची आधीच वाट लागलेली असते, त्यात हा भार.