घड्याळ कोणाच्या हातात

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातले अंकुशनगर हे साखर कारखान्याभोवती वाढलेले गाव. कारखान्याचे पूर्ण नाव कर्मवीर अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखाना. १९९१ साली जालन्यातून लोकसभेवर निवडून गेलेले अंकुशराव टोपे ते हेच. ऊसपट्ट्यात कुठेही जा, एक वाद कधी मिटत नाही, तो वजनकाट्याचा. ऊस शेतकऱ्याचा, तोडणी मजुराची, पण गाडीत किती टन भरले हे सांगणार कारखान्याचा काटा. म्हणून बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस कारखान्याने नाकारू नये, ही मागणी शेतकरी संघटना वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. महाराष्ट्रातल्या धावण्याच्या इतिहासाकडे याच नजरेने पाहायला हवे. इथली माणसे शतकानुशतके धावत आली आणि त्यांचे धावणे मोजलेही गेले. फक्त मोजमाप कायम दुसऱ्याच्या हातात राहिले. मनगटावरच्या स्मार्टवॉचबद्दल जे बोलले जाते त्यात पावले, कॅलरी आणि आकड्यांचे वेड यांचीच चर्चा फार. माझ्या मते त्या घड्याळाने केलेला खरा फेरबदल मालकीचा आहे, आणि तो समजायला थोडे मागे जावे लागते.

मराठेशाहीत पत्रे घेऊन जासूद आणि कासीद धावत, बहुधा जोडीने. ठरावीक कामगिरीसाठी भाड्याने नेमलेल्या निरोप्याला अजुरदार म्हणत, त्याच्या मजुरीला अजुरा. किती दिवसांत पोचायचे ते निघतानाच ठरलेले असे. इंग्रजी अमदानीत टपालाची पिशवी खांद्यावर टाकून टप्प्याटप्प्याने धावणारे हरकारे आले. जंगलातून जाताना हातात भाला आणि सोबतीला घुंगरांचा आवाज. जालना त्या काळी निजामाच्या मुलखात होते. निजामाचे टपालखाते वेगळे, १८६९ पासून त्याची तिकिटेही वेगळी. पण पाय तसेच, गरीब माणसाचे. आजचा हौशी मॅरेथॉनपटू वर्षभरात जेवढे धावतो तेवढे या लोकांच्या काही आठवड्यांत होत असावे. तरी दप्तरांत त्यांची नावे क्वचितच सापडतात. पत्र कधी निघाले आणि कधी पोचले एवढेच सापडते, कारण वेळ पत्राची होती. धावणारा म्हणजे पत्राचे वाहन.

इथे एक आक्षेप आधीच निकालात काढलेला बरा. व्यायामाला आकडे चिकटवणे ही पाश्चात्त्य खोड आहे, आपल्याकडे माणसे मन लावून व्यायाम करत, असे वरचेवर ऐकू येते. तालमीत कधी डोकावलेला माणूस हे म्हणणार नाही. जोर किती, बैठका किती, हाच तिथला पहिला प्रश्न. जालना जिल्ह्यातल्याच जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या सूर्यनमस्कारांची आख्यायिकासुद्धा संख्येसकटच सांगितली जाते. विसाव्या शतकात औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, संस्थानातल्या शाळांत तो नेला, तोही मोजूनच. तेव्हा आकडा आपल्याला परका नाही. फरक इतकाच, की बैठका ज्याच्या त्याला मोजता येतात. धावण्याचा वेग मात्र यंत्राशिवाय आणि आखलेल्या अंतराशिवाय कळत नाही. आखलेले अंतर आणि सेकंद दाखवणारे यंत्र, दोन्ही गरिबाच्या आवाक्याबाहेरचे. तालमीच्या परंपरेत धावणे मागे पडले याची इतर कारणे असतील, पण हे एक कारण मला पटते.

यंत्र आणि पाय यांची पहिली गाजलेली गाठ पडली ती पुण्यात. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा १९१९ साली भरल्या तेव्हा संस्थेचे अध्यक्ष दोराबजी टाटा होते. त्यांनी पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्या शर्यतींचे वर्णन आहे. धावणारे बहुतेक शेतकऱ्यांची पोरे, खाणे साधे, सरावाच्या शास्त्राचा गंध नाही, शर्यतीचे नियम ठाऊक नाहीत. लांब पल्ल्याच्या शर्यतीत ती खडीच्या आणि मातीच्या रस्त्यांवर अनवाणी धावली, आणि त्यांची वेळ युरोपातल्या बूट घातलेल्या, तयार केलेल्या धावपटूंच्या जवळपास जाणारी निघाली. टाटांनी केम्ब्रिजमध्ये शिकताना खेळ जवळून पाहिले होते. ती वेळ कशाशी ताडून पाहायची हे त्यांना माहीत होते. त्यांनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्याकडे शब्द टाकला, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा पहिला संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते, कुस्तीसाठी नवले आणि शिंदे होते.

हा प्रसंग सहसा टाटांच्या गुणग्राहकतेची गोष्ट म्हणून सांगितला जातो, आणि ती होतीच. मला त्यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. त्या शेतकऱ्यांचे पाय त्या दिवशी एकाएकी वेगवान झाले नव्हते. आदल्या वर्षीही ते तेवढेच धावले असते. फरक एवढाच पडला की यंत्र घेतलेला एक माणूस शेवटच्या रेषेवर उभा होता आणि त्या आकड्याचा अर्थ लावू शकणारा दुसरा माणूस त्याच्या शेजारी होता. दोघेही धावणाऱ्यांपैकी नव्हते. चौगुले अँटवर्पला मॅरेथॉनमध्ये १९ वे आले, २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत. ही मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब, आणि जिंकणारा फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पोचला होता. चौगुल्यांच्या त्या धावेतून आपल्या हाती उरला तो जवळजवळ हा एकच आकडा. पहिले दहा किलोमीटर त्यांनी कसे काढले, पाय कुठे जड झाले, हे कोणी टिपले नाही. टिपण्याची साधने ज्यांच्याकडे होती त्यांना निकालापुरतेच देणेघेणे होते.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र बदलायला हवे होते; मराठवाड्यात ते फारसे बदलले नाही. इथे धावणे म्हणजे भरती. सैन्य नाहीतर पोलीस. अंकुशनगरहून गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला. लष्करात तो सियाचीनला राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला, आणि शर्यतीचे धावणे त्याच्या वाट्याला त्यानंतर आले. २०१८ साली त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमधला गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य मिळवले, सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकले. त्याच्या गुणवत्तेबद्दल प्रश्नच नाही. प्रश्न हा, की शाळेच्या वाटेवर धावणाऱ्या मुलाचा वेग मोजायला सैन्यात भरती होईपर्यंत कोणीच नव्हते. साबळे सापडला. न सापडलेल्यांची यादी कोणाकडेच नाही, आणि असायचे कारणही नाही.

पोलीस भरतीत तर घड्याळ थेट पोटापाण्याशी जोडलेले आहे. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर. ५ मिनिटे १० सेकंदांत १६०० मीटर झाले तर २० पैकी २० गुण, काही सेकंद जास्त लागले की गुण घसरले. पूर्वी पुरुषांसाठी हे अंतर ५ किलोमीटर होते. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईतल्या भरतीत उन्हाउकाड्यात ते पळाल्यावर काही उमेदवारांचा मृत्यू झाला, त्यानंतर अंतर कमी करण्यात आले. गावोगाव पहाटे रस्त्यावर पळणारी पोरे ही या गुणतक्त्याची प्रजा. त्यांना आपली वेळ सांगणारा बहुधा एकच असे: भरती अकादमीचा मास्तर, शिट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन उभा असलेला. तो जे म्हणेल ते खरे.

तंदुरुस्तीसाठी धावणे, म्हणजे नोकरी नाही, शर्यत नाही, पाठीमागे कोणी लागलेले नाही तरी धावणे, ही गोष्ट जगातही तशी अलीकडची. न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डकडून ती अमेरिकेत बिल बॉवरमनने नेली आणि १९६७ च्या सुमारास जॉगिंगचे पुस्तक काढले. १९६८ साली केनेथ कूपरचे ‘एरोबिक्स’ आले आणि बारा मिनिटांत किती अंतर जाता यावर दमसास जोखायची रीत रूढ झाली. कूपर अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर होते, म्हणजे ही कसोटीसुद्धा मुळात सैनिकांचीच. उपग्रहांवरून जागा सांगणारी जीपीएस यंत्रणाही त्याच देशाच्या संरक्षण खात्याची. २ मे २००० पर्यंत नागरी वापरासाठी तिच्यात मुद्दाम चूक घातलेली असे, शंभरएक मीटरपर्यंतची. ती चूक काढली गेली आणि मग २००३ साली गार्मिनचे मनगटी जीपीएस घड्याळ बाजारात येऊ शकले. नाडीचे ठोके मोजणारा बिनतारी पट्टा फिनलंडच्या पोलार कंपनीने त्याआधी, १९८० च्या दशकात आणला होता. आपल्याकडे पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून, मुंबईची २००४ पासून. आणि गेल्या काही वर्षांत दीड-दोन हजारांची देशी घड्याळे तालुक्याच्या मोबाईलच्या दुकानापर्यंत पोचली. सैन्याने सैन्यासाठी घडवलेली मापे अशी फिरत फिरत, कोणी ठरवले नसताना, भरतीच्या पोराच्या मनगटावर आली.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप घड्याळाच्या अचूकपणाचा आहे, आणि तो बराचसा खरा आहे. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणे तपासली. त्यांतल्या सहांची नाडीची मोजणी पाच टक्क्यांच्या आत चुकली, पण खर्च झालेल्या कॅलरींचा अंदाज सर्वांत चांगल्या उपकरणाचासुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी फसला. स्वस्त घड्याळांत बहुधा जीपीएस नसतेच. ती फोनचे उसने घेतात, आणि फोन घरी राहिला तर पावलांवरून अंतराचा अदमास बांधतात. त्या अदमासावर विसंबून १६०० मीटरची तयारी करणारा फसेल. पण याला पोरांनी आपला तोडगा आधीच काढलेला असतो: मैदानावर फक्कीने चारशे मीटरची फेरी आखायची, अंतर फक्कीचे घ्यायचे आणि घड्याळाकडून फक्त वेळ. आणि मुद्दा अचूकपणाचा असेल तर मास्तराच्या अंगठ्याने थांबवलेले स्टॉपवॉच तरी कुठे सोन्याचे माप होते? चुकणारे पण स्वतःचे माप रोज तेवढेच चुकत असेल, तर महिन्याभरात आपण सुधारलो की नाही हे ते नीट सांगते.

दुसरा आक्षेप श्रमाचा. दिवसभर ऊस तोडणाऱ्याला, मोळ्या वाहणाऱ्याला धावायची गरज काय, हे बसून काम करणाऱ्यांचे चोचले. ऊसतोड मजुरापुरते हे मान्यच आहे. त्याला घड्याळ नको, विश्रांती आणि दवाखाना हवा. पण कारखाना वसाहत म्हणजे नुसता मजूर नव्हे. कार्यालयातला कारकून, पतसंस्थेतला रोखपाल, दुकानदार, शिक्षक, मोटारसायकलवरून शेत पाहून येणारा बागायतदार, या सगळ्यांचे दिवस खुर्चीत किंवा गाडीवर जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत आणि उंबरठ्यावर असलेले सुमारे १३.६ कोटी. रोग खेड्यात शिरला आहे. व्यायाम हा शहरी प्रकार आहे ही समजूत मात्र तशीच मागे राहिली.

तिसरा आक्षेप मला खरोखर अडवतो. घड्याळ मनगटावर असले तरी त्यातली नोंद कंपनीच्या सर्व्हरवर जाते, मग मालकी बदलली असे म्हणायचे कशाच्या जोरावर? स्ट्राव्हा या ॲपने जगभरच्या धावांचा नकाशा प्रसिद्ध केला आणि २०१८ च्या जानेवारीत त्यात लष्करी तळांच्या वाटा उजळलेल्या दिसल्या. धावणाऱ्या सैनिकांना आपण काय देऊन बसलो याची कल्पना नव्हती. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि पुसायला लावण्याचा हक्क लिहिलेला आहे, पण तो बजावायचा कसा हे घड्याळाच्या खोक्यात आलेल्या कागदावर मराठीत छापलेले नसते. तेव्हा मालकी पुरी बदलली असे मी म्हणणार नाही. बदलला आहे तो पहिला वाचक. आकडा आधी धावणाऱ्याला दिसतो, मास्तराला, साहेबाला, कंपनीला नंतर किंवा त्याच वेळी. आता भरतीच्या मैदानावर उमेदवाराला आरएफआयडी चिप लावतात आणि अधिकृत वेळ त्या चिपची असते. मनगटावरची वेळ तिथे ग्राह्य नाही. पण सहा महिने आपल्या फेऱ्यांची नोंद ठेवलेली अंबडची मुलगी त्या मैदानावर उतरते तेव्हा ८०० मीटरला आपल्याला साधारण किती लागतात हे तिला माहीत असते, आणि चिपने दहा सेकंद जास्त दाखवले तर हरकत कुठल्या आकड्यावर घ्यायची तेही.