पळवणकर बाळू : रोलर ओढणारे हात

स्मरणिकेत थोर स्त्री-पुरुषांची चरित्रे आपण नेहमी वाचतो. यंदा मी एका क्रिकेट खेळाडूची हकिगत लिहिण्याचे ठरविले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. क्रिकेटचे बारकावे मला फारसे कळत नाहीत. परंतु राबणारा एक आणि मान घेणारा दुसरा, ही गोष्ट कळण्यास मैदानावर जावे लागत नाही.

पळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाडला, चांभार कुटुंबात झाला. मूळ गाव कोकणातले पळवण. वडील लष्करात चाकरीला होते. पुण्यातील पारशी मंडळींच्या क्लबात बाळूंना मैदान झाडण्याचे व रोलर ओढण्याचे काम मिळाले. पगार महिना ३ रुपये. पुढे ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर लागले. खेळपट्टी दाबायची, जाळ्या बांधायच्या, टेनिसच्या रेघा आखायच्या, आणि साहेब सरावाला आले की त्यांना चेंडू टाकायचे. डाव्या हाताने ते चेंडू असा वळवीत की भले भले चकत. ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज इतरांच्या आधी येऊन त्यांच्याकडून सराव करून घेत, आणि आपल्याला बाद केले की ८ आणे देत, असे सांगतात. तासन्‌तास गोलंदाजी केली, पण सरावात बॅट मात्र बाळूंच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता! विलायतेतही त्या काळी पैसे घेऊन खेळणाऱ्यांची कपडे बदलण्याची खोली वेगळी आणि हौशी साहेबांची वेगळी असे. तो भेद तेथे १९६२ साली मोडला. आपल्याकडे पैशाच्या भेदावर जातीचा भेद आणखी चढलेला होता.

साहेबांना जिंकायचे तर बाळू हवा, हे पुण्यातील हिंदू क्लबालाही उमगले. काहींचा विरोध असूनही त्यांना संघात घेतले. मैदानावर सर्वजण त्यांनी टाकलेला चेंडू हाती घेत. चेंडूला विटाळ नव्हता. पण चहाची वेळ झाली की इतरांना आत कपबशीतून चहा, आणि बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात. जेवणाचे पानही वेगळे.

प्लेगच्या दिवसांत ते मुंबईस आले व तेथील हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. त्या संघात बाळूंसोबत त्यांचे धाकटे बंधू शिवराम हेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. संघ पुष्कळ सामने हरला, पण एकट्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी आहेत. आपल्या नागपूरचे सी. के. नायडू १९१६ साली हिंदूंकडून प्रथम खेळले, तेव्हा बाळूंची कारकीर्द अजून संपलेली नव्हती.

एवढे करूनही कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले की हा मान ज्येष्ठ व अनुभवी बाळूंचा होता. पण निवड करणारे ऐकेनात. १९२० साली बाळूंना संघातून वगळले आणि त्यांचे बंधू विठ्ठल यांचाही कर्णधारपदाचा हक्क डावलला, तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी खेळण्यास नकार दिला. लोकांतही चर्चा झाली. अखेर बाळूंना उपकर्णधार नेमले. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघ बाळूंनी चालविला. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. थोरल्याला जे नाकारले ते धाकट्याला मिळाले. पण त्यासाठी दोघा भावांना घरी बसण्याची तयारी दाखवावी लागली. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व थोड्या मतांनी हरले. १९५५ साली त्यांचे निधन झाले.

ही हकिगत मी पुण्या-मुंबईची म्हणून सांगत नाही. आपल्या धानाच्या मुलखात रोवण्याला येणाऱ्या बायांनी लावलेल्या धानाचा भात घरोघर शिजे, आणि त्यांच्या चहाचा कप मात्र पडवीतल्या कोनाड्यात वेगळा असे. माझ्या वयाच्या पुष्कळजणींनी तो कप पाहिला आहे. काही घरांत तो अजूनही आहे. आता तो स्टीलचा झाला आहे, एवढेच.

आणखी एक विचार मनात येतो. कोणत्याही मंडळात सतरंज्या अंथरणाऱ्या, भांडी मोजून परत ठेवणाऱ्या भगिनी ठरलेल्या असतात आणि खुर्चीवर बसणाऱ्याही ठरलेल्याच. नवीन कार्यकारिणी निवडताना ज्यांनी रोलर ओढला त्यांची नावे आधी पुढे यावीत. न मागता आली तर फारच उत्तम. बाळूंच्या भावांसारखे कोणाला रुसून बसावे लागू नये. वर्धापनदिनी आपण सर्वजणी एकाच पंगतीस बसू, एकाच किटलीतला चहा सारख्या कपांतून घेऊ. माझ्या मते तोच आपल्या मंडळाचा खरा वाढदिवस.