गोर्लेबेनचे मीठ

एल्ब नदी हॅम्बर्गच्या दिशेने वाहत जाताना लोअर सॅक्सनी राज्याच्या पूर्व टोकाला रेताड जमिनीचा, पाइनच्या झाडीचा आणि बटाट्याच्या शेतांचा जो मुलूख लागतो, त्याला वेंडलंड असे म्हणतात. वेंड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्लाव्ह लोकांनी तो वसविला. त्यांची बोली अठराव्या शतकापर्यंत तेथे तग धरून राहिली, आणि मधल्या मोकळ्या चौकाकडे तोंडे करून वर्तुळात बसलेली घरे ही त्यांची खूण तेथील खेड्यांतून आजही पाहावयास मिळते. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले तेव्हा हा मुलूख पश्चिमेच्या वाट्याला आला खरा. पण तीन बाजूंना पूर्व जर्मनीची सरहद्द, तारांची कुंपणे आणि पहाऱ्याचे मनोरे, आणि उरलेल्या एकाच बाजूने बाहेरच्या जगाशी दळणवळण, अशी त्याची अवस्था होऊन बसली. हा मुलूख ज्यात मोडतो त्या सबंध ल्यूखो-डानेनबर्ग जिल्ह्याची वस्ती ५०,०००च्या आसपास, कारखाने नाममात्र, आणि तरुण मंडळी पोटासाठी परगावी. अशा जिल्ह्यातील नदीकाठच्या एका लहानशा गावाला गोर्लेबेन हे नाव आहे, हे तेव्हाच्या राजधानीतील, बॉनमधल्या मंत्र्यांपैकी किती जणांना ठाऊक होते, कोण जाणे. पण २२ फेब्रुवारी १९७७ रोजी राज्याचे मुख्यमंत्री एर्न्स्ट आल्ब्रेख्त यांनी ते उच्चारले, आणि त्यानंतरची चाळीसहून अधिक वर्षे त्या देशाला ते विसरता आले नाही.

आल्ब्रेख्त यांची तजवीज मोठी होती. तेलटंचाईच्या धक्क्यानंतर पश्चिम जर्मनीने अणुवीज केंद्रे उभारण्याचा सपाटा लावला होता. परंतु अणुभट्टीतून बाहेर पडणारे इंधन अखेर ठेवायचे कोठे, या प्रश्नाला उत्तर दिल्यावाचून नव्या केंद्रांचे परवाने पदरात पडणे दिवसेंदिवस अवघड होऊ लागले होते. त्यावर उपाय म्हणून सर्व काही एकाच आवारात करण्याचे ठरले: वर्षाला १,४०० टन वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम व युरेनियम वेगळे काढणारा पुनर्प्रक्रियेचा कारखाना वर, आणि त्यातून उरणारा प्रखर किरणोत्सारी गाळ कायमचा पुरण्यासाठी मिठाची खाण खाली. मीठच का, याला शास्त्रीय आधार होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९५७ सालीच मिठाच्या थरांची शिफारस केली होती. कारण मीठ कोट्यवधी वर्षे जागच्या जागी टिकून आहे म्हणजे पाणी तेथवर शिरलेले नाही, ते उष्णता चटकन वाहून नेते, आणि भूगर्भातील दाबाखाली अतिशय सावकाश सरकत ते आपल्यातील भेगा आपणच बुजविते. गोर्लेबेनखाली असा सुमारे १४ किलोमीटर लांबीचा आणि ४ किलोमीटरपर्यंत रुंदीचा मिठाचा घुमट आहे. त्याचा माथा जमिनीखाली अडीचशे-तीनशे मीटरवर आणि बूड तीन हजार मीटरहून खोल.

मात्र घुमट त्या राज्यात पुष्कळ होते. आधीच्या पाहणीत वान, लुटरलो आणि लिख्टेनहोर्स्ट ही ठिकाणे पुढे होती, आणि वानच्या शेतकऱ्यांनी चाचणीच्या विंधनालाच अडथळा केल्यामुळे तेथील काम थांबले होते. गोर्लेबेन या यादीत उशिरा आले. ते कसे आले, याचे दस्तऐवज पुढे २०१०च्या सुमारास बाहेर आले तेव्हा जर्मन संसदेला चौकशी समिती नेमावी लागली. भूशास्त्रज्ञ गेर्ड ल्यूटिग यांनी राज्यासाठी मिठाच्या घुमटांची छाननी केली होती आणि त्यांच्या प्रतवारीत गोर्लेबेनला पहिले स्थान मुळीच नव्हते. पूर्व जर्मनीने सरहद्दीलगत मोर्सलेबेन येथे स्वतःचा किरणोत्सारी कचरा पुरायला घेतल्याचा राग आल्ब्रेख्त यांच्या मनात होता आणि त्याचे उट्टे म्हणून त्यांनीही सरहद्दीवरचीच जागा निवडली, असे ल्यूटिग यांनी पुढे उघडपणे सांगितले. मुख्यमंत्र्यांच्या मनात काय होते याचा निवाडा आता कोणी करू शकत नाही. माणसे थोडी, जमीन स्वस्त, जनता पुराणमतवादी आणि सरकारला मत देणारी, म्हणजे गवगवा होणार नाही, हा हिशेब मात्र नकाशा पाहणाऱ्या कोणालाही करता आला असता, आणि तो केला गेला असे मानण्यास भरपूर जागा आहे.

हा हिशेब चुकला. गार्टो येथील जमीनदार आंद्रेआस ग्राफ फॉन बेर्नस्टॉर्फ यांच्या घराण्याकडे त्या घुमटावरील मोठे वनक्षेत्र होते. कारखाना उभारू पाहणाऱ्या कंपनीने देऊ केलेले कोट्यवधी मार्क धुडकावून त्यांनी जमीन विकण्यास साफ नकार दिला. उमराव आणि कुळवाडी, धर्मोपदेशक आणि शिक्षक, बर्लिनहून येऊन राहिलेले चित्रकार, असे एरवी एका पंगतीला न बसणारे लोक एकत्र आले. १९७९च्या मार्चअखेर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन राज्याची राजधानी हॅनोव्हरकडे निघाले. वाटेत असतानाच २८ तारखेला अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाल्याचे वृत्त आले, आणि ३१ मार्चला हॅनोव्हरमध्ये सुमारे एक लाख माणसे जमली. त्याच आठवड्यात, त्याच शहरात, भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फ्रीड्रिख फॉन वाइत्सेकर यांच्या अध्यक्षतेखाली देशोदेशींच्या तज्ज्ञांची सुनावणी चालू होती. १६ मे रोजी आल्ब्रेख्त यांनी कबूल केले की पुनर्प्रक्रियेचा कारखाना तांत्रिक दृष्ट्या उभारता येण्यासारखा असला तरी राजकीय दृष्ट्या अमलात आणता येणार नाही. सत्ताधाऱ्याने एवढ्या स्पष्टपणे माघार घेतल्याची उदाहरणे थोडी सापडतात, आणि त्याबद्दल आल्ब्रेख्त यांना श्रेय दिले पाहिजे. मिठाच्या घुमटाची तपासणी मात्र त्यांनी चालूच ठेवली.

तपासणीसाठी ज्या ठिकाणी विंधन घ्यावयाचे होते त्यांपैकी १००४ क्रमांकाच्या जागेवर ३ मे १९८० रोजी आंदोलकांनी ठाण मांडले, आणि तेथे लाकडी झोपड्या, एक सभागृह, मनोरा व आकाशवाणीचे केंद्र उभारून ‘स्वतंत्र वेंडलंड प्रजासत्ताक’ जाहीर केले. या प्रजासत्ताकाचे पारपत्रही छापले होते, आणि धारकाला हसता येत आहे तोवर ते ग्राह्य, अशी त्याची मुदत होती! सनदा आणि शिक्के यांची अशी थट्टा करण्याची बुद्धी जर्मनांना सुचावी याचे मला कौतुक वाटते. तरुण समाजवादी संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष गेरहार्ड श्र्योडर हेही तेथे येऊन गेले. पुढे अठरा वर्षांनी ते देशाचे चॅन्सेलर झाले. ४ जून रोजी पोलिसांनी ती वस्ती उठविली आणि झोपड्या जमीनदोस्त केल्या. त्यानंतर दोन विहिरी खणून ८४० मीटर खोलीवर तपासणीची खाण तयार झाली. १९८७ साली विहीर खणतानाच्या अपघातात एका खाणकामगाराचा जीव गेला.

याच काळात, त्याच राज्यात, वोल्फेनब्युटेलजवळच्या आसे या जुन्या मिठाच्या खाणीत काय घडत होते ते पाहिले म्हणजे वेंडलंडच्या शेतकऱ्यांचा अविश्वास केवळ भीतीतून आलेला नव्हता हे कळून येते. ही खाण केंद्र सरकारने १९६५ साली विकत घेतली, आणि १९६७ ते १९७८ या काळात संशोधनाच्या नावाखाली कमी व मध्यम किरणोत्साराच्या कचऱ्याची सुमारे १,२६,००० पिंपे तीत उतरविली. आरंभी ती नीट रचून ठेवीत. पुढे मात्र चाकांवरच्या लोडरने आणून पिंपे मिठाच्या उतारावरून खाली लोटावयाची आणि वरून मिठाचा चुरा ढकलून झाकावयाची, अशी वहिवाट पडली. त्यात किती पिंपे चेपली, फुटली याची मोजदाद होण्याचे कारणच नव्हते, कारण ती पुन्हा वर आणावयाची आहेत असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. १९८८ पासून त्या खाणीत बाहेरून खारे पाणी झिरपू लागले. दररोज साधारण १२ घनमीटर. त्यातले काही पाणी किरणोत्सारी झाल्याचे २००८ साली उघडकीस आले, पुढच्या वर्षी खाणीचा कारभार दुसऱ्या खात्याकडे सोपविण्यात आला, आणि २०१३ साली सर्व पिंपे बाहेर काढण्याचा कायदा झाला. ते काम २०३३ पूर्वी सुरू होणार नाही असे खुद्द सरकारी यंत्रणाच सांगते. अणूच्या विद्येत जगाच्या पुढे असणाऱ्या देशाने आपला कचरा गावच्या उकिरड्यावर लोटावा तसा लोटला, हे वाचून आजही विश्वास बसत नाही.

गोर्लेबेनवर मात्र कचरा पुरण्याआधी नुसता ठेवून घेण्याची पाळी आली. खाणीपासून थोड्या अंतरावर झाडीत एक लांबोडके साठवणगृह बांधले होते, आणि तेथे १९९५च्या एप्रिलमध्ये ‘कॅस्टर’ नावाचे पहिले पिंप येऊन पोचले. पिंप हा शब्द येथे तोकडा आहे. ओतीव लोखंडाचा, शंभर टनांहून जड, सुमारे सहा मीटर उंचीचा हा दंडगोल असतो. नंतरच्या बहुतेक पिंपांतून फ्रान्सच्या ला हाग येथील कारखान्यात पुनर्प्रक्रियेनंतर उरलेला आणि काचेत वितळवून घट्ट केलेला गाळ येत असे. एकेका पिंपात असल्या काचेच्या २८ पर्यंत नळ्या. (काच करून बंदिस्त करण्याची हीच विद्या आपल्याकडे तारापूर व तुर्भे येथेही वापरतात, अखेरचे दफनस्थान मात्र आपल्यापाशीही अद्याप नाही.) फ्रान्सहून रेल्वेने डानेनबर्ग स्थानकापर्यंत, तेथे यारीने उचलून अजस्र मालमोटारींवर, आणि मग शेवटचे सुमारे २० किलोमीटर खेड्यांतल्या रस्त्याने, असा त्यांचा प्रवास ठरून गेला. या वीस किलोमीटरांवर वेंडलंडने आपली सारी करामत दाखविली. कोठाराच्या दारांवर लाकडी फळ्यांच्या पिवळ्या फुल्या ठोकलेल्या, शेतकऱ्यांनी काँक्रीटचा पिरॅमिड रस्त्यात आणून ठेवून त्यात आपले हात अडकवून घेतलेले, रात्रभर रुळांवर बसलेल्यांना गावातल्या बायकांनी गरम सूप पोचविलेले. १९९७ साली सहा पिंपांच्या बंदोबस्तासाठी ३०,००० पोलीस लागले. पुढच्या वर्षी पिंपांच्या बाहेरच्या पृष्ठभागावर मर्यादेपेक्षा अधिक किरणोत्सार असल्याचे आणि कंपन्यांना ते पूर्वीपासून ठाऊक असल्याचे उघड झाले, तेव्हा पर्यावरणमंत्री आंगेला मेर्केल यांनी वाहतूकच थांबविली. ती २००१ मध्ये पुन्हा सुरू झाली. २००४ साली फ्रान्सच्या लोरेन भागात रुळांवर उतरलेल्या एका फ्रेंच तरुणाचा या गाडीखाली अंत झाला. शेवटची गाडी २०११च्या नोव्हेंबरात आली, तेव्हा साठवणगृहातील पिंपांची संख्या ११३ झाली होती.

विरोध करणाऱ्यांना नेहमी विचारले जाते की मग वीज कोठून आणणार. वेंडलंडच्या लोकांनी हा प्रश्न टाळला नाही. देशाच्या पातळीवर १९९१ साली पवन व सूर्यापासूनची वीज जाळ्यात घेणे कंपन्यांवर बंधनकारक करणारा कायदा आला, आणि २००० साली त्याहून भक्कम असा नूतनक्षम ऊर्जेचा कायदा झाला, ज्यात ठराविक दर वीस वर्षांसाठी बांधून दिला होता. तेव्हा अशा विजेचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास होता. २०२३ साली तो निम्म्याच्या वर गेला. वाहतुकीची गोष्ट वेगळी आहे. नेकारवेस्टहाइमच्या पहिल्या अणुभट्टीत रेल्वेच्या खास कंपनसंख्येची वीज निर्माण करणारे वेगळे जनित्र होते, म्हणजे जर्मनीच्या आगगाड्या काही अंशी अणूवरच धावत होत्या. ती भट्टी जपानमधील फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर २०११ मध्ये बंद झाली, आणि आज रेल्वेच्या विजेपैकी सुमारे दोन तृतीयांश नूतनक्षम स्रोतांची आहे. रस्त्यावरच्या मोटारींनी मात्र ही वाट फारशी धरलेली नाही, आणि म्हणून वेंडलंडमधील यामेल्न या गावी सहकारी संस्थेने २००६ साली देशातला पहिला बायोगॅस पंप उघडला, ही बातमी तेव्हा कौतुकाने छापून आली. मका आणि शेण यांपासून निघालेला वायू शुद्ध करून तेथे मोटारीत भरून मिळे. मक्याची शेते त्यामुळे फार माजली अशी ओरड पुढे त्याच भागात झाली, हेही सांगितले पाहिजे.

१५ एप्रिल २०२३ रोजी इझार, एम्सलंड आणि नेकारवेस्टहाइम येथील शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद झाल्या. कोळशाची केंद्रे चालू ठेवून अणूची आधी बंद करण्याचा हा क्रम मला उलटा वाटतो. हवेत जाणारा धूर हादेखील न पुरलेला कचराच आहे, आणि कोळशाला कायद्याने २०३८ पर्यंतची मुदत मिळाली आहे. परंतु वेंडलंडच्या रयतेचा दावा या वादावर मुळीच अवलंबून नव्हता. जागा आधी ठरली आणि शास्त्र नंतर बोलाविले गेले, ही त्यांची तक्रार होती, आणि ती अखेर शास्त्रानेच खरी ठरविली. हिमयुगातील बर्फाखालच्या पाण्याने घुमटावरचे मातीचे थर कोरून काढल्यामुळे भूजल थेट मिठापर्यंत पोचते, असे कीलचे भूशास्त्रज्ञ क्लाउस डूफोर्न यांनी ऐंशीच्या दशकाच्या आरंभीच बजावले होते. पुढे जर्मनीने कोरी पाटी घेऊन दहा लाख वर्षे सुरक्षित राहील अशी जागा नव्याने शोधण्याचा कायदा केला, आणि २८ सप्टेंबर २०२० रोजी शोध घेणाऱ्या कंपनीने देशाच्या ५४ टक्के भूभागावरील ९० क्षेत्रे पुढील विचारासाठी जाहीर केली. त्यांत गोर्लेबेन नव्हते, आणि कारणांत वरच्या थरांच्या त्या उणिवेचाही समावेश होता. दीड अब्ज युरोंहून अधिक खर्चून खणलेली खाण तिच्याच मिठाच्या ढिगाऱ्याने भरून टाकण्याचे काम २०२४च्या अखेरीस सुरू झाले.

पिंपे मात्र हललेली नाहीत. नवी जागा २०३१ पर्यंत निश्चित व्हावी असे कायद्यात म्हटले होते. शोध घेणाऱ्या कंपनीचाच नंतरचा अंदाज २०४६ च्या अलीकडे येत नाही, आणि जागा ठरल्यावर खाण बांधण्यास आणखी काही दशके लागतील. गोर्लेबेनच्या साठवणगृहाचा परवाना २०३४ साली संपतो, आणि ११३ पिंपांसाठी त्याची मुदत वाढविण्यावाचून कोणत्याही सरकारला गत्यंतर असणार नाही.